जर्मनीचे ३० दिवस, दुबईचे ३० दिवस आणि अमेरिकेची ‘अनलिमिटेड’ रजा: नागपूरच्या नोकरदाराने हिशेब कसा मांडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नोकरी आहे, आठवडा पाच दिवसांचा, वर्षाला २१ पीएल (अर्जित रजा) आणि ८ सीएल (नैमित्तिक रजा). हातात तीन ऑफर आहेत: श्टुटगार्टची ३० दिवस रजेची, दुबईची ३० दिवसांची आणि कॅलिफोर्नियाची ‘अनलिमिटेड पीटीओ’ची, म्हणजे दिवसांची मर्यादा न घातलेल्या भरपगारी रजेची. बायको आणि तिसरीतली मुलगी बरोबर जाणार, आई प्रतापनगरच्या घरी एकटी राहणार. वर्षातून एकदा तरी सलग चार आठवडे आईजवळ राहता यावे आणि मध्येच तिची तब्येत बिघडली तर धावून येता यावे. रजा आणि कामाची पद्धत पाहता कोणती ऑफर बरी?

सलग चार आठवडे हीच अट असेल तर श्टुटगार्ट पहिले. अडीअडचणीला लगेच पोहोचणे महत्त्वाचे असेल तर दुबई. कॅलिफोर्नियाची ऑफर पगाराच्या जोरावर घ्यायची असेल तर घ्या, रजेच्या भरवशावर घेऊ नका. यामागचा हिशेब नीट समजून घ्या, कारण उद्या चौथी ऑफर सिंगापूरची किंवा ॲमस्टरडॅमची आली तरी तो तसाच करावा लागेल.

आधी रजा कोणत्या दिवसांत मोजली आहे ते बघा. जर्मनीचे ३० दिवस कामाचे असतात. पाच दिवसांच्या आठवड्यात ३० दिवस म्हणजे पूर्ण सहा आठवडे. दुबईचे ३० दिवस कॅलेंडरचे असतात. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार (संघराज्य हुकूमनामा क्रमांक ३३) वर्षभराच्या नोकरीनंतर ३० कॅलेंडर दिवस मिळतात आणि त्यात शनिवार-रविवार धरलेले असतात. रजेच्या मध्ये ईद किंवा राष्ट्रीय दिन आला तर करारात वेगळे लिहिले नसेल तेव्हा तोही रजेतच जातो. म्हणजे दुबईचे ३० हे आपल्या मोजणीत साधारण २२. एकच आकडा दिसणाऱ्या दोन ऑफरमध्ये आठ कामाच्या दिवसांचा, म्हणजे दीड आठवड्याहून अधिक फरक आहे.

आता सगळे एका मापात आणू. वर्षाच्या ३६५ दिवसांतून १०४ शनिवार-रविवार वजा केले की २६१ उरतात. आठवड्याच्या मधल्या वारी येणाऱ्या सार्वजनिक सुट्ट्या सगळीकडे १० धरू. जर्मनीत २६१ मधून १० आणि ३० गेले, काम २२१ दिवस. दुबईत १० आणि २२ गेले, २२९ दिवस. अमेरिकेत माणसे प्रत्यक्षात १५ दिवस घेतात असे धरले तर २३६. आणि तुमची सध्याची नोकरी? १० आणि २९ वजा जाता २२२. कागदावर तुम्ही नागपुरात बसून आजही जवळजवळ जर्मनीइतकीच रजा घेता आहात.

पण बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत सहा दिवसांच्या आठवड्यावर काम करणाऱ्याचा हिशेब बघा. ३१३ दिवसांतून सणांच्या ८ सुट्ट्या, कायद्याच्या साधारण १४ पीएल आणि ८ सीएल गेल्या की २८३ दिवस काम. तुमच्यापेक्षा ६१ दिवस जास्त. देशादेशांतल्या रजेचा एवढा गाजावाजा होतो, पण सर्वांत मोठा फरक शनिवारच्या सुट्टीने पडतो. म्हणून कोणत्याही ऑफरमध्ये पहिला प्रश्न रजेचा नसून आठवडा किती दिवसांचा आणि किती तासांचा, हा असला पाहिजे. दुबईत हे खास विचारा. तिथे सरकारी कार्यालयांनी जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी सुरू केली, पण कायद्याने आठवड्याला ४८ तासांपर्यंत काम घेता येते आणि बऱ्याच खासगी कंपन्या सहा दिवस चालतात. दुबईची ऑफर सहा दिवसांची निघाली तर वरचा २२९ चा आकडा थेट २७० च्या पुढे जातो.

दुसरी वजाबाकी आजारपणाची. तुमच्या २९ दिवसांत ताप, डेंग्यू, मुलीचा खोकला, आईची तपासणी सगळे बसवावे लागते, कारण वेगळी आजारी रजा दिसत नाही. जर्मनीत आजारपण वार्षिक रजेच्या पूर्ण बाहेर असते. नोकरीचे चार आठवडे झाले की एका आजारासाठी सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार कंपनी देते, त्यानंतर आरोग्य विमा. दुबईत प्रोबेशन संपल्यावर वर्षाला ९० दिवस: पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, उरलेले ४५ बिनपगारी. कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्याने २०२४ पासून किमान ५ दिवस किंवा ४० तास पगारी आजारी रजा आहे, केंद्राच्या पातळीवर तीही नाही. वर्षात सहा दिवस आजारी पडलात तर नागपूरचे २९ हे २३ होतात आणि जर्मनीचे ३० हे ३० च राहतात.

इथे आपल्याकडचा कायदा थोडा खोलात बघावा लागेल, कारण आपल्याला काय हक्काने मिळते आणि काय कंपनीच्या मर्जीने मिळते हे ठाऊक नसेल तर तुलनाच चुकते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ नुसार वर्षाला ८ सीएल, जी वर्षअखेर वापरली नाही तर बुडते. सणांच्या ८ भरपगारी सुट्ट्या, त्यांतल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, बाकी चार कंपनी आणि कर्मचारी मिळून ठरवतात. वर्षात २४० दिवस काम केले असेल तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही कंपनीने रजा नाकारली, तर ४५ च्या वर गेलेल्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क आहे. म्हणून रजा तोंडी मागू नका. मेलवर किंवा पोर्टलवर मागा आणि नकारही लेखी घ्या. ‘सर नाही म्हणाले’ हा पुरावा होत नाही.

पाच दिवसांच्या आठवड्यात, घेतलेली अर्जित रजा धरूनही, २४० चा आकडा काठावर असतो, हे फार कमी जणांच्या लक्षात येते. महिनाभर बिनपगारी रजा घेतली की तो चुकू शकतो. कारखान्यांसारख्या आस्थापनांसाठी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही अट १८० दिवसांवर आली आहे. नव्या कामगाराच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण वर्षाच्या मध्यात लागलेल्या माणसाचीही रजा आता लवकर सुरू होते.

तुमच्या २१ पीएलपैकी कायद्याच्या हिशेबाने बसणाऱ्या साधारण ११-१२. वरच्या ९-१० कंपनीच्या धोरणाच्या. धोरणाची रजा कशी साठेल, कधी बुडेल, पैसे मिळतील का, हे सगळे धोरण ठरवते. शिवाय पर्यवेक्षी किंवा व्यवस्थापकीय हुद्द्यावरच्या माणसाला या कायद्याचे कवच नसते, त्याच्यासाठी नेमणूक पत्र हाच कायदा.

आणि सँडविच लीव्ह. शुक्रवारी आणि सोमवारी रजा घेतली की मधले शनिवार-रविवारही रजेत धरायचे, ही प्रथा आपल्याकडे इतकी मुरली आहे की लोक तिला नियम समजतात. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ७९ मध्ये उलट लिहिले होते, आणि त्याची जागा घेणाऱ्या वरच्या संहितेच्या कलम ३२ मध्येही तेच आहे: अर्जित रजेच्या मध्ये किंवा दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या रजेत मोजायच्या नाहीत. हिंगण्यातल्या कारखान्यातल्या कामगाराच्या पीएलमधून रविवार कापला जात असेल तर ती कपात चूक आहे. त्याने एचआरला संहितेचे हे कलम ३२ दाखवावे. ऑफिसातल्या नोकरीत मात्र धोरणात सँडविचचा उल्लेख आहे का, हे ऑफर स्वीकारण्यापूर्वी बघावे.

स्थानिक सुट्टीचाही एक गैरसमज आहे. तान्हा पोळ्याच्या दिवशी, मारबती निघतात त्या दिवशी, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात ती शासकीय कार्यालयांसाठी. खासगी कंपनीला ती आपोआप लागू होत नाही. ती हवी असेल तर त्या चार ठरवायच्या सुट्ट्यांमध्ये धरून घ्यावी लागते, आणि ती यादी डिसेंबरात ठरते तेव्हाच बोलावे लागते.

देशादेशांत एवढा फरक का, याचे कारण कायदा कोणत्या काळात आणि कोणाच्या रेट्याने झाला यात आहे. फ्रान्समध्ये १९३६ च्या संपांच्या लाटेनंतर कामगारांना दोन आठवडे भरपगारी रजा मिळाली. १९५६ मध्ये तिसरा आठवडा, १९६९ मध्ये चौथा, १९८२ मध्ये पाचवा. जर्मनीचा संघीय रजा कायदा १९६३ चा. युरोपीय संघाने १९९३ च्या आणि त्याची जागा घेणाऱ्या २००३ च्या कार्यकाल निर्देशात सर्व सदस्य देशांना किमान चार आठवडे बंधनकारक केले, आणि नोकरी चालू असताना ही रजा पैसे देऊन मिटवायला मनाई केली. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्याने किमान वेतन आणि ओव्हरटाइम ठरवले, रजा मात्र मालक-कामगार करारावर सोडली, आणि ती आजही तिथेच आहे. आपला वीस दिवसांना एक हा हिशेब सहा दिवसांच्या आठवड्यावर राबणाऱ्या कारखान्यातल्या माणसासाठी केलेला. युरोपात रजा ही आरोग्याची गोष्ट मानली, म्हणून ती विकता येत नाही. आपल्याकडे ती कमाई मानली, म्हणून साठवायची आणि रोख करायची सवय लागली. माझ्या मते या साठवण्याच्या सवयीने आपल्या लोकांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे कमी रजेने केलेले नाही.

आता श्टुटगार्ट सविस्तर. तुमच्या ३० दिवसांतले २० कायद्याचे, १० कराराचे. पाच दिवसांच्या आठवड्याला कायदेशीर किमान रजा २० दिवस येते, आणि बऱ्याच कंपन्या २८ ते ३० देतात. हा फरक करारात वेगळा लिहिलेला असतो. रजा त्याच वर्षात घ्यायची, फार तर ३१ मार्चपर्यंत पुढे नेता येते. पण २०१८ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर कायद्याची रजा आपोआप बुडत नाही. ‘तुमचे इतके दिवस शिल्लक आहेत, अमुक तारखेपर्यंत घ्या, नाहीतर जातील’ असे कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याला स्पष्ट कळवावे लागते. कळवले नाही तर रजा जिवंत राहते. कराराच्या १० दिवसांना मात्र कंपनी वेगळा नियम लावू शकते, म्हणून रजा घेताना आधी कायद्याचे दिवस संपतात की कराराचे, हे करारात शोधा.

पहिल्या वर्षी तुमची अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडेल. पहिले सहा महिने पूर्ण होईपर्यंत दर पूर्ण महिन्याला वर्षाच्या बाराव्या हिश्शाइतकीच रजा जमा होते, म्हणजे ३० दिवसांमागे महिन्याला अडीच दिवस. १ सप्टेंबरला रुजू झालात तर डिसेंबरअखेर १० दिवस. त्यात नाताळ ते नववर्ष कंपनी बंद असेल तर त्यासाठी ३-४ दिवस तुमच्याच खात्यातून जातात. २४ आणि ३१ डिसेंबर या सार्वजनिक सुट्ट्या नाहीत, कित्येक कंपन्या त्यांना प्रत्येकी अर्धा दिवस धरतात. पहिल्या हिवाळ्यात नागपूरला चार आठवडे येणे विसरा, दोन जमले तरी पुष्कळ.

मुलीची शाळा हा तुमच्या हिशेबातला सर्वांत कडक भाग आहे. जर्मनीत शाळेत हजर राहणे सक्तीचे आहे. स्वस्त तिकिटासाठी सुट्टी लागायच्या चार दिवस आधी मुलीला काढून नेले तर दंड होतो. ‘लग्न आहे’ म्हणून चिठ्ठी देऊन आठवडाभर बुडवणे तिथे चालत नाही. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गची उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत असते. आईजवळचे चार आठवडे इथेच बसतील. पोळाही बहुतेक वर्षी यातच येतो. मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनमध्ये पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची साधारण दोन आठवड्यांची सुट्टी असते, पण तेव्हा नागपुरात नवतपा चालू असतो आणि पारा ४५ च्या घरात. लहान मुलीला घेऊन तेव्हा येण्यात शहाणपण नाही. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली तर शरद ऋतूच्या छोट्या सुट्टीशी जुळू शकते, नाहीतर दिवाळी तिकडेच.

जर्मन टीममध्ये वर्षाच्या रजेचा आराखडा जानेवारीतच मांडतात. शाळकरी मुले असणाऱ्यांच्या गरजेचा विचार करणे कंपनीला भाग असते, म्हणून ऑगस्ट मागताना मुलीचा उल्लेख अर्जात करा. अर्जात तीन गोष्टी असतात: पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि तुमच्या जागी काम बघणाऱ्याचे नाव. हे तिसरे नाव रिकामे ठेवू नका, बहुतेक वेळा अर्ज तिथेच अडकतो. तुम्ही नोव्हेंबरात दुसऱ्याचे काम सांभाळलेत तर तो ऑगस्टमध्ये तुमचे सांभाळेल, असा हा देवघेवीचा व्यवहार आहे. रजा एकदा मंजूर झाली की कंपनीला ती एकतर्फी मागे घेता येत नाही. कारण मात्र विचारत नाहीत, आणि तुम्हीही ‘आईची तब्येत, गावचे काम’ असा खुलासा लिहीत बसू नका. आपल्याकडे कारण सांगितल्याशिवाय रजा मागणे उद्धटपणाचे वाटते. तिथे कारण लिहिले की वाचणाराच अवघडतो.

रजेवर असताना नागपुरात आजारी पडलात तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत, पण कागद बरोबर हवा. त्याच दिवशी कंपनीला फोन किंवा मेल करून आजारपण, किती दिवस लागतील आणि नागपूरचा पत्ता कळवायचा. विमा संस्थेलाही कळवायचे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसते ‘व्हायरल फीवर, विश्रांतीचा सल्ला’ असून भागत नाही. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम करण्यास असमर्थ’ असे पहिल्या दिवसापासूनच्या तारखांसह, शिक्क्यासह, इंग्रजीत लिहून घ्या. बरे झाल्यावर चार दिवसांनी आणलेली मागच्या तारखेची चिठ्ठी बहुधा नाकारली जाते. आणि या दिवसांच्या बदल्यात रजा स्वतःच पुढे लांबवायची नाही. ठरलेल्या दिवशी कामावर हजर व्हायचे, वाचलेले दिवस नंतर वेगळे मागायचे.

दुबईची बाजू वेगळी आहे. सहा महिने ते एक वर्ष या काळात दर महिन्याला दोन दिवस, प्रोबेशनमध्ये रजा मालकाच्या मर्जीवर. रजेच्या तारखा कामाच्या गरजेप्रमाणे मालक ठरवू शकतो, फक्त महिनाभर आधी कळवावे लागते. तिथली रीत म्हणजे वर्षातून एकदा एक लांब रजा घेऊन गावी जाणे, आणि त्यामुळे सलग ३० दिवस मागितले तर कोणी भुवया उंचावत नाही. ही तुमच्या बाजूची गोष्ट. पण सुटे दिवस घेताना शनिवार-रविवार मोजले जाण्याचा धोका असतो. गुरुवार ते सोमवार गेलात तर तीन दिवस लागतील की पाच, हे एचआरकडून लेखी घ्या. काही कंपन्या करारातच ‘२२ कामाचे दिवस’ लिहितात, ते सर्वांत स्वच्छ. वर्षाचे विमान तिकीट कायद्याने मिळत नाही, करारात असेल तरच मिळते, आणि असले तर कुटुंबासाठी आहे की फक्त तुमच्यासाठी, हे बघा. शिल्लक रजेचे पैसे मूळ वेतनावर मिळतात, एकूण पगारावर नाही. ऑफरमध्ये मूळ वेतन पगाराच्या ४० टक्के ठेवले असेल तर रजेचे पैसेही तेवढ्यावरच येतील, आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटीही.

आईच्या दृष्टीने दुबईचा मोठा फायदा अंतराचा. मुंबईपर्यंत तीन तासांचे उड्डाण, घड्याळाचा फरक दीड तासाचा. शुक्रवारी संध्याकाळी निघून सोमवारी पहाटे परतणे शक्य आहे. श्टुटगार्टहून एका बाजूचा अख्खा दिवस जातो. वर्षातून तीन-चार वेळा यावे लागेल अशी आईची प्रकृती असेल, तर दुबईचे २२ दिवस जर्मनीच्या ३० पेक्षा जास्त उपयोगी पडतील. आकड्यांचा हिशेब इथे मागे पडतो आणि हा निर्णय तुम्हीच घ्यायचा आहे.

कॅलिफोर्निया. तिथे जमा झालेली रजा हे कमावलेले वेतन मानतात. ती वर्षअखेर बुडवता येत नाही, नोकरी सुटताना सगळ्या दिवसांचे पैसे द्यावे लागतात. हा अमेरिकेतला सर्वांत चांगला नियम, आणि ‘अनलिमिटेड’ रजेत नेमका तोच निसटतो. दिवस जमाच होत नाहीत, त्यामुळे नोकरी सुटताना सहसा देणे काही निघत नाही. किती घ्यायची याला धोरणात मर्यादा नसते, मर्यादा मॅनेजरच्या मंजुरीत असते. मुलाखतीच्या शेवटच्या फेरीत तीन प्रश्न विचारा: या टीममध्ये मागच्या वर्षी लोकांनी सरासरी किती दिवस घेतले? सलग दोन आठवड्यांहून अधिक रजा शेवटची कोणी घेतली? आणि किमान किती दिवस घ्यायलाच हवेत, असा काही नियम आहे का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही तर तुमचे चार आठवडे अवघड आहेत. संघराज्याच्या ११ सुट्ट्या असतात, पण खासगी कंपनीवर त्यांचे बंधन नाही.

आई गंभीर आजारी पडली तर अमेरिकेत १९९३ चा कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायदा उपयोगी पडतो: १२ आठवडे, नोकरी सुरक्षित, पण बिनपगारी. त्यासाठी त्या कंपनीत १२ महिने आणि १,२५० तास काम झालेले हवे आणि ७५ मैलांच्या परिसरात कंपनीचे किमान ५० कर्मचारी हवेत. एच-वन-बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर भारतात आलात आणि स्टँपिंग (वकिलातीकडून पासपोर्टवर व्हिसा लावून घेणे) बाकी असेल तर अपॉइंटमेंटची तारीख हातात आल्याशिवाय परतीचे तिकीट पक्के करू नका. पासपोर्ट अडकला तर रजा संपते आणि तुम्ही इथेच राहता. तेवढ्यात ‘नागपुरातून लॅपटॉपवर काम करतो’ म्हणाल, तर आधी कंपनीची लेखी परवानगी घ्या, कारण कर आणि डेटा दोन्हींचे प्रश्न त्यातून उभे राहतात. हीच काळजी जर्मन नोकरीतही.

बाकी देशांचे भराभर सांगतो. ब्रिटनमध्ये ५.६ आठवडे, म्हणजे २८ दिवस, पण त्यात ८ बँक हॉलिडे, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या, धरता येतात. जाहिरातीत ‘२८ दिवस’ वाचून फसू नका, ‘२५ अधिक बँक हॉलिडे’ ही त्याहून मोठी ऑफर आहे. नेदरलँड्समध्ये आठवड्याच्या तासांच्या चौपट रजा आणि शिवाय ८ टक्के सुट्टी-भत्ता, जो बहुधा मे महिन्यात मिळतो. सांगितलेल्या वार्षिक पगारात तो धरला आहे का, एवढे विचारा. स्वीडनमध्ये २५ दिवस आणि जून ते ऑगस्टमध्ये सलग चार आठवडे मागायचा हक्क. फ्रान्समध्ये ऑगस्टमध्ये अर्धी ऑफिसे सुनी असतात, त्या महिन्यात कोणाकडूनही मंजुरीची अपेक्षा ठेवू नये. ऑस्ट्रेलियात चार आठवडे, शिवाय आजारपण आणि घरच्यांच्या शुश्रूषेसाठी वेगळे १० दिवस. सिंगापूरमध्ये पहिल्या वर्षी कायद्याने फक्त ७ दिवस, दरवर्षी एक वाढत १४ पर्यंत. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत दोन आठवड्यांपासून सुरुवात.

जपान थोडे थांबून बघण्यासारखे आहे. सहा महिन्यांनंतर १० दिवस, साडेसहा वर्षांनंतर २०, आणि न घेतलेली रजा दोन वर्षांत बुडते. वेगळ्या आजारी रजेची कायद्याने सक्ती नाही. लोक आजारपणासाठी दिवस राखून ठेवतात, शिवाय आपण गेलो की सहकाऱ्यावर भार पडेल म्हणून घेतच नाहीत. शेवटी एप्रिल २०१९ पासून कायदा करावा लागला: ज्याला १० किंवा अधिक दिवस मिळतात त्याने निदान ५ घेतलेच पाहिजेत, आणि ते घ्यायला लावण्याची जबाबदारी मालकावर. रजा कर्मचाऱ्याने मागायची की मालकाने द्यायला हवी, हा प्रश्न जर्मनी आणि जपान दोघांनीही वेगवेगळ्या वाटेने मालकावर टाकून सोडवला. आपल्याकडे तो अजून कर्मचाऱ्याच्या धीटपणावर सोडलेला आहे.

रजेवर असताना फोन उचलायचा का, यावरही आता कायदे आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला कामाबाहेरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करावी लागते. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतरच्या फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क आहे. नागपुरातून गेलेल्या माणसाची इथे हमखास गफलत होते: रजेवरून दोन मेलना उत्तर दिले की आपण निष्ठावान दिसू, असे त्याला वाटते. जर्मन मॅनेजरला त्यातून वेगळाच अर्थ दिसतो. काम नीट सोपवून गेलेला नाही, असा.

परदेशी न जाता नागपुरातूनच परदेशी कंपनीसाठी काम करायचा विचार असेल, तर एक पक्के लक्षात ठेवा. रजेचा कायदा तुम्ही बसता त्या जागेचा लागतो. कंपनी जर्मन असली म्हणून जर्मन रजा मिळत नाही. ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणून इनव्हॉइस पाठवणार असाल तर महाराष्ट्राचा कायदाही नाही. भरपगारी रजा नाही, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. अशा वेळी महिन्याचा दर ठरवताना कामाचे २२० दिवस धरून वर्षाची रक्कम काढा आणि ती १२ ने भागा, किंवा ‘वर्षाला २५ कामाचे दिवस भरपगारी विश्रांती’ असे करारात सरळ लिहून घ्या. कोणाच्या सुट्ट्या पाळायच्या, भारताच्या की ग्राहकाच्या, हेही लिहा. नाहीतर लक्ष्मीपूजनाला क्लायंट कॉल आणि थँक्सगिव्हिंगलाही इथला रिपोर्ट, असे दोन्हीकडून होते.

नागपूरची नोकरी सोडताना शिल्लक पीएलचा व्यवहार आधी बघून घ्या. नोटीस काळात रजा समायोजित करायची की पैसे घ्यायचे, हे राजीनामा देण्यापूर्वी धोरणात वाचा. कित्येक ठिकाणी नोटीस काळात घेतलेली रजा तेवढेच दिवस नोटीस पुढे ढकलते, आणि परदेशातल्या रुजू होण्याच्या तारखेचा घोळ होतो. चालू नोकरीत रोख केलेल्या रजेवर पूर्ण कर लागतो. नोकरी सोडताना मिळालेल्या रजेच्या पैशांना खासगी कर्मचाऱ्यासाठी एकूण आयुष्यभरात २५ लाख रुपयांपर्यंत करसवलत आहे, आणि तिला दहा महिन्यांच्या सरासरी पगाराची व दर वर्षाच्या नोकरीमागे ३० दिवसांची मर्यादा आहे. म्हणून रजा रोख करायचीच असेल तर यंदाच्या मार्चमध्ये करू नका, शेवटच्या हिशेबात घ्या. त्यासाठी राजीनाम्याच्या दिवशी पोर्टलवरच्या शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो एचआरला मेल करा, कारण लॉगिन बंद झाल्यावर तो आकडा तुमच्या हाती उरत नाही.